मार्कचं शुभवर्तमान चरित्र कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार वृत्तांतांपैकी एक, हे त्या काळच्या अर्थाने चरित्र आहे असं मी म्हणतो. त्यावर आपला आक्षेप असा: त्यात येशूचा जन्म नाही, बालपण नाही, रूपाचं वर्णन नाही, तारखा नाहीत. भक्ताने भक्तांसाठी लिहिलेल्या अशा पोथीला चरित्र म्हटलं की तिला फुकट इतिहासाचं वजन मिळतं.

जन्म, बालपण, तारखा ही अपेक्षा आजच्या चरित्राकडून आहे. प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क अलेक्झांडरच्या चरित्राच्या आरंभीच बजावतो की आपण इतिहास लिहीत नाही, चरित्र लिहितो. माणसाचा स्वभाव लढायांपेक्षा एखाद्या बोलण्यातून किंवा थट्टेतून जास्त कळतो. रोमन चरित्रकार स्यूटोनियस सम्राट ऑगस्टसचं आयुष्य विषयवार मांडतो आणि तसं सांगूनही टाकतो. मार्क २:१ ते ३:६ (अध्याय २, वचन १ पासून अध्याय ३, वचन ६ पर्यंत) इथे पाच वाद ओळीने येतात: पापांची क्षमा, जकातदारांच्या पंगतीला बसणं, उपास, शब्बाथाला (यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी) कणसं मोडणं, त्याच दिवशी वाळलेला हात बरा करणं. ही रोजनिशी समजून वाचली की घोटाळा होतो. हे प्रसंग विषयाने एकत्र बांधले आहेत.

शुभवर्तमानं प्राचीन चरित्रांच्या साच्यात बसतात का, हे अभ्यासक रिचर्ड बरिज यांनी १९९२ मध्ये ज्यांनी ताडून पाहिलं त्या कसोट्या कुणालाही लावता येतील. लांबी बघा: मार्क सुमारे ११,००० ग्रीक शब्दांचा, म्हणजे एका गुंडाळीत मावणारा, तेव्हाच्या चरित्रांएवढाच. कर्ता बघा: जवळजवळ चौथा हिस्सा क्रियापदांचा कर्ता एकटा येशू आहे. जागेची वाटणी बघा: १६ पैकी शेवटचे सहा अध्याय जेरुसलेममधल्या अखेरच्या दिवसांना दिलेत. हे विचित्र वाटतं खरं, पण रोमन इतिहासकार टॅसिटसनेही आपला सासरा, सेनापती अग्रिकोला, याच्या चरित्रातला सुमारे चौथा भाग एकाच लढाईवर खर्च केला आहे.

रूपवर्णनाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. स्यूटोनियस ऑगस्टसच्या दातांपासून भुवयांपर्यंत सगळं लिहितो. मार्क अवाक्षर काढत नाही, स्वतःचं नावही मजकुरात देत नाही. इथे हिब्रू कथनाची रीत दिसते. हिब्रू शास्त्रातला संदेष्टा अलीशा जवाच्या २० भाकरींत १०० माणसं जेवू घालतो आणि वर उरतं (‘२ राजे’ हे पुस्तक, अध्याय ४). मार्कच्या सहाव्या अध्यायात ५ भाकरी, २ मासे, ५,००० पुरुष आणि उरलेल्या १२ टोपल्या. घाट ग्रीक चरित्राचा, घडण यहुदी शास्त्राची. शिवाय बायबलचे अभ्यासक कार्ल लुडविग श्मिट यांनी १९१९ मध्ये दाखवलं की सुटे प्रसंग आधी तोंडोतोंडी फिरत होते आणि त्यांना जोडणारी चौकट बहुतांशी लेखकाची आहे. ते मला पटतं. पण सुट्या प्रसंगांना एका माणसाभोवती आरंभापासून मृत्यूपर्यंत ओवलं, की तयार होणाऱ्या ग्रंथाला त्या काळचा वाचक चरित्र म्हणूनच हाती घेणार.

आता इतिहासाचं वजन. ते या शिक्क्याने मिळत नाही, आणि मिळू नये. अलेक्झांडरच्या आईशेजारी साप झोपलेला दिसल्याचं प्लुटार्कच सांगतो. म्हणून प्रत्येक प्रसंग वेगळा तपासावा लागतो. मार्कमध्ये येशू योहान या उपदेशकाकडून सरळ बाप्तिस्मा (पाण्याने शुद्धीचा विधी) घेतो. मार्कच्या ६६१ पैकी सुमारे ६०० वचनांचा मजकूर वापरणारा मत्तय, म्हणजे दुसऱ्या शुभवर्तमानाचा लेखक, हा प्रसंग ठेवतो, पण ३:१४ मध्ये योहानाला आधी आढेवेढे घ्यायला लावतो. गुरूने दुसऱ्याच्या हातून पापक्षमेचा बाप्तिस्मा घ्यावा हे मत्तयाला खटकलं असावं, तरी त्याला तो गाळता आला नाही. या प्रसंगाला मी वजन देतो ते एवढ्यासाठी.