‘पंपाची सवय लागते’ हा संदेश पुढे पाठवण्याआधी

दम्याविषयीचा एक संदेश दरवर्षी थंडीच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: पंप (इनहेलर) हा दम्यावरचा शेवटचा उपाय असून तो एकदा लागला की आयुष्यभर सुटत नाही, त्यात स्टेरॉइड असल्यामुळे हाडे ठिसूळ होतात आणि मुलांची उंची खुंटते, म्हणून होता होईल तो गोळ्यांवर भागवावे, फारच धाप लागली तर तेवढा निळा पंप ओढावा, सायनससाठी वाफ घ्यावी आणि मृग नक्षत्राला हैदराबादला जाऊन माशाचे औषध गिळावे. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासांचा अंदाज आहे. असे संदेश ज्या भीतीला खतपाणी घालतात, तिचा या तफावतीत मोठा हात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला मुद्दा सवयीचा. पंप थांबवल्यावर दमा पुन्हा उसळतो हे निरीक्षण खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. औषध ती आटोक्यात ठेवते आणि औषध सुटले की ती परत डोके वर काढते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब चढतो, म्हणून त्या गोळीचे व्यसन लागले असे कोणी म्हणत नाही. शिवाय दमा सुमारे तीन महिने आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात. तशी स्पष्ट सूचना उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतच आहे.

स्टेरॉइडचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. दम्याचा जोराचा झटका आला की प्रौढ रुग्णाला बहुधा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड गोळीची रोज ४० मिलिग्रॅम मात्रा पाच दिवस देतात, म्हणजे एका कोर्समध्ये २०० मिलिग्रॅम. पंपातून रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड घेणाऱ्याच्या वर्षभराच्या औषधाची बेरीज १४६ मिलिग्रॅम होते. दोन्ही औषधांची ताकद सारखी नसल्यामुळे हा हिशेब काटेकोर तुलनेचा नाही. तथापि गोळी रक्तावाटे सगळ्या शरीरात पोहोचते, तर पंपातील औषध प्रामुख्याने श्वासनलिकांत काम करते आणि गिळला गेलेला बराचसा भाग यकृतातच निकामी होतो. हाडे, साखर आणि डोळे यांना खरा धोका आहे तो वारंवार घेतलेल्या गोळ्यांच्या कोर्सचा, आणि ते कोर्स टळावेत म्हणूनच पंप दिला जातो.

उंचीबाबत मात्र सत्य पुरते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात ५ ते १३ वर्षांच्या मुलांना चार ते सहा वर्षे रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड दिले गेले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रौढपणी त्यांची उंची औषध न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. परिणाम आहे, पण तो एवढाच आहे. मूल रात्र रात्र खोकत बसणे आणि शाळा बुडणे यांच्या बदल्यात तो मोजायला हवा.

आता निळा पंप. या संदेशातील हा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण तो ऐकायला सर्वांत सौम्य वाटतो. निळ्या पंपात सहसा साल्ब्युटामॉल असते. ते श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू काही तासांसाठी सैल करते, मात्र आतील सुजेला हातही लावत नाही. रुग्णाला क्षणात मोकळे वाटते, तो निर्धास्त होतो आणि सूज वाढतच राहते. म्हणूनच २०१९ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांसाठी केवळ अशा पंपावर दम्याचा उपचार करू नये असा निर्णय दिला. त्याआधी, २०१८ साली, सौम्य दमा असलेल्या सुमारे ३,८०० रुग्णांवरील चाचणीत असे दिसले होते की, गरजेपुरता ब्युडेसोनाइड आणि श्वासनलिका सैल करणारे फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप ओढणाऱ्यांना फक्त आराम देणारा पंप ओढणाऱ्यांपेक्षा तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आले, आणि तेही रोज ब्युडेसोनाइड घेणाऱ्यांच्या तुलनेत जेमतेम १७ टक्के स्टेरॉइड घेऊन. २०२५ साली न्यूझीलंडमध्ये ५ ते १५ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीतही साल्ब्युटामॉलऐवजी हा एकत्रित पंप वापरल्यावर झटके ४५ टक्क्यांनी घटले. एका वर्षात निळ्या पंपाचे तीन किंवा अधिक डबे संपत असतील, तर तो दमा ‘सौम्य’ नाही, असे समजून डॉक्टरांकडे जावे.

गोळ्या निरुपद्रवी असतात ही समजूतही टिकत नाही. साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, तर पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे गोळीत चाळीसपट औषध; हात थरथरणे आणि छाती धडधडणे तिथून येते. ॲलर्जीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्ट या गोळीच्या माहितीपत्रकावर मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा छापण्याचा आदेश अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली दिला.

वाफेने क्षणभर बरे वाटते. परंतु जुनाट सायनसच्या रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीत मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा फायदा दिसला, वाफेचा मात्र सायनसच्या त्रासावर दिसला नाही. आपल्याकडची जलनेती ती हीच, फक्त पाणी उकळून गार केलेले हवे. नाकात वारंवार मांसांकुर वाढणाऱ्यांसाठी तर आता जैविक इंजेक्शने आहेत: डुपिलुमॅबला या आजारासाठी २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि टेझेपेलुमॅबच्या २०२५ मधील चाचणीत शस्त्रक्रियेची गरज ९८ टक्क्यांनी घटली. ती महाग आहेत आणि सरसकट सर्वांसाठी नाहीत. पण नाक आणि छाती ही एकाच श्वसनमार्गाची दोन टोके आहेत, हे त्यांनी उपचारातून दाखवून दिले.

माशाच्या औषधाने दमा बरा होतो असे कोणत्याही नियंत्रित चाचणीत सिद्ध झालेले नाही. दमा काही काळ आपोआपही शमतो आणि त्याचे श्रेय माशाला मिळते.

राहिली ‘पंप घेऊनही फरक पडत नाही’ ही तक्रार. ती बऱ्याचदा खरी असते, पण दोष औषधाचा नसतो. फवाऱ्याचा पंप आधी हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, मग दाबता दाबताच सावकाश खोल श्वास घ्यावा आणि दहा सेकंद रोखून धरावा. याउलट कॅप्सूल टाकून ओढायच्या यंत्रातून श्वास जोरात आणि झटकन घ्यावा लागतो. अनेक जण नेमके उलटे करतात आणि औषध घशातच राहते. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते, आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकल्यास तोंडात बुरशी होण्याचा धोका घटतो. औषध बदलून मागण्याआधी आपला पंप सोबत नेऊन तो डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवावा.