कंबर बरी झाली, म्हणून मी शिक्षिका झाले?

गेल्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीने तिचा एक मजकूर नजरेखालून घालण्यासाठी मला पाठवला. योगशिक्षक प्रशिक्षणाच्या प्रवेश अर्जात ‘आपला योगप्रवास पाचशे शब्दांत लिहा’ असा एक रकाना होता, त्यासाठी तिने तो लिहिला होता. संगणकापुढे बसून जडलेली मानदुखी, गोळ्यांनी न पडलेला उतार, कुणाच्या तरी आग्रहाखातर योगवर्गात टाकलेले पहिले पाऊल, पहिल्याच शवासनात डोळ्यांतून आलेले पाणी आणि मग ‘हे मला इतरांपर्यंत पोहोचवायचे आहे’ हा निश्चय, असा तो प्रवास होता. मजकूर प्रामाणिक होता आणि भाषाही चांगली होती. तरीही वाचताना मी अस्वस्थ झाले, कारण बारा वर्षांपूर्वी मी माझ्या अर्जात जे लिहिले होते ते जवळजवळ हेच होते. फक्त मानेच्या जागी कंबर होती.

दुखणे, योग, उतार आणि शेवटी शिक्षकपद हा आम्हा योगशिक्षकांच्या आत्मकथनाचा साचा आता इतका पक्का झाला आहे की, ज्यांच्या आयुष्यात तसे काही घडले नाही तेही एखादे जुने दुखणे आठवून आठवून त्यात बसवतात. या कथा खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही, माझी तरी खोटी नव्हती. माझे म्हणणे एवढेच आहे की ही कथा जिथे संपते तिथे शिक्षकाची कथा अजून सुरूही झालेली नसते. दुखण्यातून उठलेला माणूस कृतज्ञ असतो आणि त्या कृतज्ञतेपोटी त्याला शिकवावेसे वाटणे स्वाभाविक आहे, पण शिकवावेसे वाटणे आणि शिकवता येणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय स्वतःच्या बऱ्या होण्यातून माणूस एक चुकीचा धडा शिकतो, तो असा की आपल्याला जे लागू पडले ते सर्वांना लागू पडेल. माझ्या हातून पुढे जे घडले त्याचे मूळ याच धड्यात होते, म्हणून तो प्रसंग आधी सांगते.

प्रशिक्षण पूर्ण करून मला जेमतेम आठ महिने झाले होते. दोनशे तासांच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हाती होते. योगशिक्षकासाठी दोनशे तास हे माप अमेरिकेतील ‘योगा अलायन्स’ या संस्थेने १९९९ च्या सुमारास रूढ केले आणि पुढे ते जगभर पसरले. दिवसाला आठ तास धरले तर हे सगळे पंचवीस दिवसांत आटोपते. माझे थोडे सावकाश, शनिवार-रविवार गाठून पूर्ण झाले होते, त्यामुळे आपण काही उथळ मार्गाने आलेलो नाही असा माझा समज होता. वर्गात पन्नाशीचे एक गृहस्थ येत असत. नियमित, अबोल आणि सांगितलेले सर्व मनापासून करणारे. पद्मासनात त्यांचा उजवा पाय कसाबसा डाव्या मांडीवर चढे, पण उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर राही. मला पद्मासन पहिल्याच दिवशी आले होते, म्हणून हे मनातून अडखळत आहेत असा निष्कर्ष मी काढला आणि ‘सोडा, सैल सोडा’ असे म्हणत त्यांच्या गुडघ्यावर तळवा ठेवून तो हलकेच खाली दाबला. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. गुडघ्याला सूज आहे, काही दिवस येता येणार नाही, असे त्यांनी अगदी अदबीने, जणू चूक त्यांचीच असल्यासारखे सांगितले. पुढे कित्येक महिने त्यांना जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

माझ्याकडून नेमके काय झाले ते मला नंतर समजले. पद्मासनात पाय वळतो तो खुब्याच्या सांध्यात, म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत जिथे फिरतो तिथे. गुडघा हा मुख्यतः बिजागरीसारखा चालणारा सांधा आहे. वाकणे आणि सरळ होणे हे त्याचे काम, पीळ सोसणे नव्हे. खुबा पुरेसा बाहेर वळला नाही की उरलेला पीळ गुडघ्यावर येतो आणि त्यातल्या कूर्चेच्या गादीला आणि अस्थिबंधांना तो सोसावा लागतो. खुबा किती वळेल हे काही अंशी स्नायूंवर आणि बरेचसे हाडांच्या ठेवणीवर अवलंबून असते, आणि ती ठेवण माणसागणिक वेगळी असते. स्नायू सरावाने लांबतात, पण प्रौढ माणसाच्या हाडाचा आकार कितीही सराव केला तरी बदलत नाही. म्हणजे मला पद्मासन पहिल्या दिवशी आले यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते, आणि त्या गृहस्थांना ते येत नव्हते यात त्यांची कसूरही नव्हती. माझे शरीर मी गजपट्टी म्हणून वापरत होते आणि ज्याचे माप जुळत नाही त्याला दाबून जुळवू पाहत होते.

यातली लाजिरवाणी बाब अशी की पतंजलींचे ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र मी तोंडी परीक्षेत अर्थासह खणखणीत म्हटले होते. योगसूत्रांत आसनांविषयी थेट सांगणारी सूत्रे तीनच आहेत आणि पद्मासनाचेच काय, कोणत्याही आसनाचे नाव मूळ सूत्रांत नाही. स्थिर असावे, सुखकर असावे आणि प्रयत्नांचा ताण निवळावा, यावर तिथे भर आहे. हे सगळे मला पाठ होते आणि तरीही माझा हात त्या गुडघ्यावर गेला.

त्या फोननंतर मी मला योग शिकवणाऱ्या माझ्या बाईंकडे गेले. त्यांनी सांत्वन केले नाही आणि रागावल्याही नाहीत. सहा महिने शिकवू नकोस आणि रोज माझ्या वर्गाला ये, पण आसने करायची नाहीत, कोपऱ्यात उभे राहून फक्त पाहायचे, असे त्यांनी सांगितले. पहिल्या आठवड्यासाठी विषय होता पावले. दुसरे काहीही पाहायचे नाही आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी मी ‘पावले ठीक आहेत, काहींची सुधारणेस वाव’ असे लिहून वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेन्सिलीने त्याखाली एकच शब्द लिहिला, ‘कोणाची?’

त्या एका शब्दाने मला जे शिकवले ते दोनशे तासांत कुणी शिकवले नव्हते. दुसऱ्या आठवड्यापासून मला एकेक माणूस दिसू लागला. त्रिकोणासनात एकाच्या मागच्या पायाची बाहेरची कड उचलली जाई आणि त्याचे सगळे वजन पुढच्या गुडघ्यावर येई. एकीचे आसन निर्दोष होते, पण दातावर दात घट्ट रोवलेले असत. एक अतिशय लवचीक मुलगी होती, तिच्याकडे पाहून बाकीचे हेवा करीत. पण उभ्या आसनांत तिचे गुडघे सरळ रेषेच्याही मागे झुकत आणि दुखापतीची शक्यता तिथेच सर्वांत जास्त होती, कारण ताठ माणसाला त्याचे शरीर वेळीच थांबवते, तिचे शरीर तिला थांबवत नव्हते. आणि एक आजी होत्या, प्रत्येक सूचनेनंतर आधी शेजारणीकडे पाहून मगच हालचाल करणाऱ्या. त्यांचे लक्ष नसते, असे मी वहीत लिहिले. बाईंनी मला त्यांच्या डाव्या बाजूला उभे राहून हळू आवाजात बोलायला सांगितले. आजींना त्या कानाने ऐकूच येत नव्हते.

एक गोष्ट मला उशिरा उमगली, ती ओघात सांगते. वर्गासमोर सर्व आसने स्वतः करून दाखवणारी शिक्षिका छान दिसते, पण अधोमुख श्वानासनात डोके खाली असताना तिला वर्ग दिसत नाही. मी पहिले आठ महिने असेच शिकवले होते. तो वर्ग नव्हता, माझा सराव होता आणि लोक तो पाहायला येत होते.

इथे कुणी म्हणेल की पूर्वी गुरूंकडे वर्षानुवर्षे राहून शिक्षक घडत, आता फी भरून पंचवीस दिवसांत होतात, म्हणून ही वेळ आली. मला हे इतके सोपे वाटत नाही. विख्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांचेच पाहा. त्यांचे बालपण मलेरिया, क्षय, विषमज्वर अशा आजारांत गेले, १९३४ मध्ये ते म्हैसूरला आपल्या बहिणीचे यजमान, योगगुरू टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे गेले आणि १९३७ मध्ये गुरूंनी त्यांना शिकवण्यासाठी पुण्याला धाडले तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. मुक्काम सहा महिन्यांचा ठरला होता, तो जन्मभराचा झाला. म्हणजे आजार होता, योग होता, उतारही होता, पण त्यांना शिक्षक केले ते गुरूच्या आज्ञेने. पुढे योग परदेशात नेणाऱ्या इंद्रा देवी यांना तर कृष्णम्माचार्यांनी आधी शिष्या म्हणून घ्यायलाच नकार दिला होता, आणि पुढे त्यांनीच तिला शिकवण्यास सांगितले. १९३९ मध्ये तिने शांघायमध्ये वर्ग सुरू केले. या दोघांच्या कथेत ‘मला शिकवायचे आहे’ या इच्छेपेक्षा ‘तू शिकव’ हा दुसऱ्या कुणाचा तरी शब्द मोठा आहे. गुरूच्या एका शब्दावर कुणाच्या आयुष्याची दिशा ठरावी ही व्यवस्था मला हवीशी वाटत नाही, तिच्यात मनमानीला भरपूर जागा होती. पण आपण शिकवण्यास तयार आहोत की नाही हे आपल्याखेरीज आणखी कुणीतरी, आपल्याला पाहून, सांगावे ही त्यातली गोष्ट मात्र मला आजही रास्त वाटते, आणि अर्जातल्या रकान्याला ते काम जमत नाही. तशी अठराव्या वर्षी अय्यंगारांचीही पुरती तयारी झाली होती असे नाही. त्यांना घडवले ते पुढच्या दशकांनी, समोरच्या माणसाला जे जमत नाही त्यावर तोड शोधता शोधता. लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, खुर्च्या ही आज जगभरच्या वर्गांत दिसणारी साधने बहुतांशी त्याच शोधातून रुळली. ज्या दिवशी मी त्या गृहस्थांचा गुडघा दाबला, त्या दिवशी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठोकळ्यांची चळत होती. दोन ठोकळे गुडघ्याखाली सरकवले असते किंवा साधी मांडी घालून बसवले असते तर काम झाले असते.

साच्यातल्या कथेचा आणखी एक तोटा मला फार उशिरा कळला. शिकवायला लागून चार वर्षे झाल्यावर माझी कंबर पुन्हा दुखू लागली. योगाने बरी झालेली कंबर हीच माझी ओळख होती, माझ्या वर्गाच्या पत्रकावरही ती कथा छापलेली होती, त्यामुळे हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सुमारे तीन महिने मी आतून पट्टा बांधून शिकवले आणि पुढे वाकण्याची आसने शिताफीने टाळली. शेवटी एका सकाळी जमिनीवरून उठताच येईना, तेव्हा वर्गाला सांगावे लागले. विद्यार्थी गळतील असे मला वाटले होते. झाले ते वेगळेच. वर्ग संपल्यावर तिघीजणी थांबल्या आणि आपापली दुखणी सांगू लागल्या. एकीचा खांदा वर्षभर दुखत होता आणि ती दर वर्गात ते दुखणे गिळून सर्वांगासन, म्हणजे खांद्यांवर भार घेऊन पाय वर नेण्याचे आसन, करत होती. ‘इथे सगळे बरे व्हायला येतात, माझे वाढतेय हे कसं सांगणार, ताई?’ असे ती म्हणाली. माझ्या पत्रकावरच्या पाच ओळींनी तिचे तोंड बंद केले होते. ते पत्रक मी त्याच आठवड्यात बदलले. तिचे सर्वांगासन थांबवून खुर्चीचा आधार, भिंतीशी उभे राहून हात वर नेणे आणि हाडांच्या डॉक्टरांकडे एक खेप अशी सुरुवात झाली. योगाने सारे बरे होते असे म्हणणाऱ्या शिक्षकाला डॉक्टरकडे पाठवणे जड जाते. मला आता जात नाही.

ते पन्नाशीचे गृहस्थ दीड वर्षाने परत आले. पद्मासनाचे नाव त्यांनीही काढले नाही आणि मीही नाही. ते घडीच्या ब्लँकेटवर बसतात, दोन्ही गुडघ्यांखाली ठोकळे असतात, आणि वर्गात त्यांच्याइतके स्थिर दुसरे कुणी बसत नाही.

त्या मुलीला मी हे सारे फोनवर सांगितले. मजकूर बदलू नकोस, तो खरा आहे, पण अर्ज पाठवण्याआधी एक तास माझ्या वर्गात येऊन मागे उभी राहा आणि कुणातरी एकाच माणसाकडे पाहा, एवढे सुचवले. ती मंगळवारी आली. जाताना तिने कागद हातात दिला, त्यावर एकच ओळ होती: ‘तिसऱ्या रांगेतले निळ्या शर्टचे काका उजवा पाय पुढे टाकताना श्वास रोखतात, डावा टाकताना नाही.’ ते काका माझ्याकडे दोन वर्षे येत आहेत आणि मी हे एकदाही पाहिले नव्हते. गुरुवारी मी त्यांना विचारले, तेव्हा उजव्या घोट्याचे जुने फ्रॅक्चर त्यांनी पहिल्यांदा सांगितले.