मुंबईच्या नणंदेचा कोट

आमच्या बेळगावातल्या वडगावात जुने कपडे विकत घेणारं कोणीही नाही. कोणाच्या अंगावर वापरलेला कोट दिसला, तर तो मुंबईच्या नणंदेने दिलेला असतो. स्वेटर पुण्याच्या जावेचा, जीन्स गोव्याच्या भाच्याची. एका गल्लीला इतक्या दानशूर नणंदा लाभाव्यात आणि त्यातली एकही गणपतीला तोंड दाखवायला येऊ नये, हे नवल मी मशीनवर बसून कित्येक वर्षं बघते आहे. मी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दारावर तशी पाटी आहे, वर कानडीत, खाली मराठीत. पण घर चालतं ते तिसऱ्याच कामावर, जे पाटीवर लिहिता येत नाही. जुन्या कपड्याची ओळख पुसायची.

ओळख पुसावीच लागते. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ साली बेळगावचं नाव लागलं आणि चौकांत कॅमेरे आले. आमच्या गल्लीला त्यांची गरज नव्हती, कारण समोरच्या घरात काकू आहेत. कोणाची साडी कुठल्या लग्नातली, काठ किती बोटं, पदरावर आमटी कोणी सांडली, सगळं त्यांना पाठ. एका वास्तुशांतीला नवी सून हिरवी इरकल नेसून पाटावर बसली, तर काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या, "डाव्या अंगाला काठ झिजलाय बघ. नेसणारी डाव्या हातात पिशवी धरायची." मग डाव्या हातात पिशवी धरणारी बाई कोण, याचा शोध लागला. ती पुढच्याच रांगेत होती. भटजीसुद्धा मंत्र थांबवून ऐकत होते.

तर जुने कपडे येतात कुठून? खासबागला रविवारचा बाजार भरतो. मेथी-कोथिंबीर ओलांडून पुढे गेलं की ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग. ढिगातलं वरचं घ्यायचं नाही, ते सगळ्यांनी चिवडून टाकलेलं असतं. कोपरापर्यंत हात घालायचा आणि खालचं ओढायचं. चेन वर-खाली करून बघायची. काखेचा वास घ्यायचा, कोणी बघत नसताना. कापड उजेडाकडे धरायचं, कसर लागली असेल तर भरदिवसा चांदण्या दिसतात. कधी कधी छातीवर कुठल्यातरी परदेशी शाळेचं नाव असलेला कोट मिळतो, आतल्या लेबलावर डोक्यावरून जाणारी लिपी. बाहेरदेशचे असे वापरलेले कपडे गाठोडी बांधून जहाजाने गुजरातेत कांडल्याला उतरतात. तिथे ते निवडतात, बरेचसे पुन्हा दुसऱ्या देशांना पाठवतात. लोकरीचे फाटके पानिपतला जातात, त्यांच्या चिंध्या पिंजून सूत काढतात आणि ब्लँकेटं विणतात. एवढ्या सगळ्यांच्या हातून निसटून तो कोट मेथीच्या शेजारी येऊन पडलेला असतो, आणि विकणारा अण्णा म्हणतो, "नूर ऐवत्त." आपण म्हणायचं, "ऐवत्त." दीडशेचे पन्नास, वरचे शंभर उडवायची ही रीत आहे, त्याला तो रागावत नाही.

एकदा मी असाच कोपरापर्यंत हात घातला, तर ढिगाच्या आत दुसरा हात लागला. मी ओढलं, त्या हातानेही ओढलं. बांगड्यांचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मान वर केली, तर पलीकडे काकू. दोघींनी एकदमच मेथीकडे पाहिलं.

"महागली गे मेथी," काकू म्हणाल्या.

"तर काय," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी त्या कोट घेऊन माझ्याकडे हजर. "मुंबईच्या नणंदेनं पाठवलाय. जरा हात बारीक करून दे." कोटाच्या खिशात कोथिंबिरीची काडी होती. मी ती गुपचूप काढून केरात टाकली. प्रत्येक धंद्याची काही नीती असते.

आता ओळख पुसायची कशी? आधी बटणं. माणसं शर्ट विसरतात, बटणं विसरत नाहीत. शर्टाची कॉलर विरली असेल तर ती उसवून उलटी करून लावायची, आतली कोरी बाजू वर येते आणि शर्टाचं वय दहा वर्षांनी कमी होतं. शाळेच्या नावावर खिसा लावायचा. जरीकाठाची साडी मध्येच विरली असेल तर काठ वाचवून पोरींना परकर-पोलकं, उरलेल्यातून ब्लाऊजच्या बाह्या. मोठ्याचं लहान करणं सोपं. लहानाचं मोठं करायला मात्र आत माया सोडलेली असावी लागते, आणि हल्लीचे रेडिमेडवाले अर्ध्या इंचालाही जीव टाकतात. तरीही गिऱ्हाईक चौतीसचं ब्लाऊज घेऊन येतं आणि "आत असेल की गे थोडं" म्हणत चाळीसची छाती पुढे करतं.

वासाचं काय करायचं, हे मात्र मला आजतागायत जमलेलं नाही. गरम पाण्यात मीठ, डेटॉल, लिंबाचा पाला, सगळं करून झालं. खरा उपाय म्हणजे कडक ऊन, आणि ते आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत नसतं. पावसाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात आडव्यातिडव्या दोऱ्या असतात, पाहुण्यांना वाकून यावं लागतं, आणि पिठल्याला डांबरगोळीचा वास येतो.

जुने कपडे घरातून बाहेर जातात ते भांडेवालीच्या पाठीवरून. पुरुष कामावर आणि बायका जरा आडव्या झाल्या की बरोब्बर तिची हाळी येते. तिच्याशी बोलणं सासूबाईंच्या खात्यात.

"ह्या तीन पँटी, दोन शर्ट, वर ही नायलॉनची साडी. काय देतीस?"

"चाळण."

"चाळण? ह्या पँटीत माझ्या लेकाचं लग्न ठरलंय!"

"मग पोराला विचारा की, कसं चाललंय."

सासूबाई साडी परत ओढतात, ती बोचकं बांधते, जिन्यापर्यंत जाते, परत येते, पाणी मागते, मग चहा होतो. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. सासूबाईंचे एका झाकणाच्या टोपावरून सुरू झालेले दावेही तसेच चालतात, फक्त तिथे दोन्ही बाजूंना वकील आहेत आणि इथे दोन्ही बाजूंना सासूबाईच बोलतात. शेवटी टोप येतो. पँटी धुऊन, इस्त्री होऊन रविवारी खासबागला जातात. विरलेलं सुती कापड गॅरेजवाले हात पुसायला घेतात. पुढे कधीतरी त्याच पँटी नव्या मालकाच्या नावाने उंची कमी करायला माझ्याकडे येतात. मी नवऱ्याला सांगत नाही. त्याला वाटतं त्या कुठेतरी कपाटात आहेत.

जरीवाल्याचा सौदा एकदाच झाला. त्याला हवी असते खरी जर, म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. साडी जाळून तो चांदी काढतो. हल्लीची चमकी प्लास्टिकची, तिला तो हातही लावत नाही. सासूबाईंनी आपल्या आईची साडी काढली, बेळगावचं शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हाची. त्याने काठ दगडावर घासला, डोळे बारीक केले, पुन्हा घासला आणि म्हणाला, "जर खोटी आहे, मावशी."

"खोटी हाय तर अर्धा तास काय घासूलास?"

साडी परत ट्रंकेत गेली. इथवर आमच्या घरात सगळं सुरळीत होतं.

मग कॉलेजातल्या लेकीने इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांचं दुकान काढलं. माल माझ्याकडचा, भिंत शेजाऱ्यांची, कारण त्यांचा निळा रंग फोटोत चांगला येतो. पहिला बळी नवऱ्याचा बुशशर्ट. त्याला खांद्यात दोन माणसं मावतील. मी तो बारीक करायला घेतला तर पोरगी किंचाळली, "आई, हात लावू नको! लोक मुद्दाम असाच घालतात." बटणं बदलू का म्हटलं, तर तेही नको, एक तुटकं होतं तेसुद्धा तसंच पाहिजे. मग बापाला उन्हात उभं करून मानेखालचा फोटो काढला. शर्ट आत खोचायचा, तोही पुढून एकाच बाजूने, बाकीचा बाहेर. आमचे हे घाईत संडासातून आल्यावर नेमके तसेच दिसतात, आणि त्यावर मी वीस वर्षं ओरडत आले आहे. शर्ट ६५० रुपयांना गेला. तेव्हापासून हे खोचतच नाहीत.

गिऱ्हाइकांचे प्रश्न तर विचारू नका. "छाती किती इंच?" सांगितलं. "लास्ट प्राइस?" सांगितली. "वारलेल्या माणसाचा नाही ना?" त्यावर लेकीने लिहिलं, "नाही, ते समोर बसून पोहे खात आहेत." पलीकडून उत्तर आलं, "पुरावा पाठवा." मग पोह्यांसकट फोटो गेला.

कपडा कोणाचा होता हे कळू नये म्हणून मी जन्मभर सुई चालवली. ही पोरगी नेमकं तेच विकते. प्रत्येक फोटोखाली तिला कपड्याची जन्मकथा लागते, कोणी घेतली, कुठे नेसली, किती वेळा. भांडेवालीच्या बोचक्यातून तिने ६० रुपयांना एक मोतिया रंगाची रेशमी साडी घेतली, माझ्याकडून तिचं जॅकेट शिवून घेतलं आणि खाली लिहिलं, "वडगावच्या एका सासूबाईंनी मंगळागौरीला नेसलेली." जॅकेट १,४०० रुपयांना गेलं. घेणारीने कुरिअर नको म्हटलं, इथलीच आहे, येऊन नेते. आली ती काकूंची सून.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्या दारात. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, देवाची कृपा.

"सुनेनं जॅकेट घेतलंय नवं."

"हं."

"जर ओळखीची वाटली."

"हं."

"मंगळागौरीला नेसलेली सासू कोण गे?"

मी आणखी दोन टाचण्या तोंडात घेतल्या. काकू बराच वेळ मशीनकडे बघत बसल्या. मला वाटलं, आता सगळ्या गल्लीत होणार. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच, "चौदाशे? आणि मला त्या बाईनं भगुनं दिलं होतं, तेही बिनझाकणाचं!" संध्याकाळी त्या पिशवीभर साड्या घेऊन आल्या. प्रत्येकीची जन्मकथा तोंडपाठ होती, तारखेनिशी, शिवाय इतरांच्या साड्यांच्याही. लेकीने त्यांना लगेच भागीदार करून घेतलं.

बातमी पसरली तशी गल्लीने भांडेवालीला कपडे देणं बंद केलं. जो तो आपली बोचकी धरून बसला. ती काही दिवस फिरकली नाही. मग आली, आणि बोचक्यात शहापुरातल्या कुठल्याशा वाड्यातून मिळवलेल्या दोन जुन्या साड्या, खऱ्या जरीच्या. लेकीचे डोळे चमकले. "किती?"

भांडेवालीने कमरेचा मोबाईल काढला, आमचंच पान उघडलं आणि जॅकेटाचा फोटो पुढे धरला. "हे बघा. दोन साड्यांचं मीच काय ते समजून घेऊ?"

"एवढे पैसे नाहीत माझ्याकडे."

"पैसं कोण मागतंय? तो मोठा स्टीलचा डबा द्या. आणि टोप."

सासूबाई आतून धावत आल्या. "त्या डब्यासाठी मी तुलाच चार साड्या दिल्यात!"

"म्हणून तर मागतोय, आक्का. डबा चांगला हाय."

सासूबाई दारात आडव्या बसल्या. चहा झाला, पाणी झालं, ती जिन्यापर्यंत जाऊन परत आली. तोवर लेक आत डब्यातलं जोंधळ्याचं पीठ प्लास्टिकच्या पिशवीत ओतत होती. तो आवाज ऐकला तशा सासूबाई उठल्या, डब्याचं झाकण काढून पदराखाली घेतलं आणि म्हणाल्या, "न्हे. पण झाकण देणार न्हाई, सांगून ठेवतो."