मागे फक्त अंपायर होता

वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून ४० प्लसच्या क्रिकेट टीमची यादी फिरतेय. भात कापून झालं, मळे मोकळे झाले, रोलरवाल्याला सांगून ठेवलंय. यादीत माझ्या नावापुढे कुणीतरी 'समालोचन' असं लिहिलंय आणि खाली अकरा हसरे इमोजी. मोजले मी.

त्याचं काही वाटलं नाही. काल मात्र देवगडच्या बाजारात एक ओळखीचे गृहस्थ भेटले, पायाकडे बघून म्हणाले, "बरां झाला, सुटलंस एकदाचो त्या खेळातसून." मायेनेच म्हणाले. पण गेले नऊ महिने मी हेच ऐकतोय, वेगवेगळ्या तोंडांतून. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. ज्यांना फक्त 'काळजी घे' लिहायचंय त्यांनी इथेच लिहून पुढे जावं, वाईट वाटणार नाही.

मार्चचा दुसरा आठवडा. शिमग्याला चाकरमानी आलेले, गावमर्यादित अंडरआर्म स्पर्धा, रात्रीचे सामने. माझं वय ४३, हार्डवेअरचं दुकान, आंब्याची वडिलोपार्जित साठेक कलमं, दोन पोरं. खेळायचो वर्षातून तीन रात्री. उरलेल्या दिवसांत माझा व्यायाम म्हणजे काउंटरमागच्या स्टुलावरून उठून खिळ्यांचा डबा काढणे.

मी नॉन-स्ट्रायकरला होतो. समोरच्याने बॉल नुसता ढकलला आणि ओरडला, "ये ये ये!" मी डाव्या पायावर जोर देऊन निघालो आणि मागून टाचेवर कुणीतरी स्टंप मारल्यासारखा फाटकन आवाज आला. पडता पडता वळलो. मागे फक्त अंपायर होता. आमच्याच वाडीतले, साठीचे, नाकासमोर चालणारे गृहस्थ. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते बिचारे दोन्ही हात वर करून उभे, "मी काय केला?" म्हणत. माईकवर समालोचक म्हणत होता, "आणि चोरटी धाव घेण्याच्या नादात आमचे बंधू मैदानाला नमस्कार करताना..."

नंतर वाचलं तेव्हा कळलं की टाचेमागची शीर तुटलेले पुष्कळ जण हे सांगतात. कुणीतरी मागून लाथ मारली असं वाटतं, आवाजही येतो. शीर म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर. इंग्रजीत तिला अकिलीज टेंडन म्हणतात. ग्रीक पुराणातला हा वीर. आईने त्याला अमर करायला नदीत बुडवला, पण धरला होता टाचेला, तेवढीच कोरडी राहिली. आपल्याकडे दुर्योधनाची मांडी, त्यांच्याकडे ह्याची टाच. आयांची माया कुठेतरी एक जागा सोडतेच.

मैदानावर काय होतं ते सांगतो. वीस फुटी बॅनर होता, त्यावर अकरा पुढाऱ्यांचे फोटो होते, डीजे होता, षटकाराला रोख बक्षीस होतं. पायावर ठेवायला बर्फ नव्हता. आमच्या बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या टेम्पो भरभरून येतात, मैदान तिथून दोन किलोमीटरवर. शेवटी एका पोराने कोकम सरबताच्या पिंपातले चार खडे रुमालात बांधून आणून दिले. माझा सॉक्स दुसऱ्या दिवशीपर्यंत गुलाबी होता.

त्याच रात्री एका दवाखान्यात नेलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत, मुरगळलंय म्हणाले, पट्टी बांधून आठ दिवसांनी यायला सांगितलं. एक्स-रेत शीर दिसत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आणि ही शीर तुटली तरी माणूस लंगडत चालतो, पाऊलही थोडं हलतं, कारण बाजूच्या शिरा थोडंफार काम करतात. त्यामुळे मुरगळल्याचं सगळ्यांनाच पटतं, मला तर फारच पटलं. तीन दिवस मी दुकानात बसलो. एका शेजाऱ्याने आपुलकीने तेल लावून पोटरी चोळूनही दिली. (हे करू नका. नक्की काय तुटलंय कळेपर्यंत कुणालाही पाय चोळायला देऊ नका.)

पकडलं ते बायकोने. चौथ्या दिवशी सकाळी तिने अंगणात पाणी मारलं आणि मी त्यावरून नळाकडे गेलो. ती झाडू हातात घेऊन बघत राहिली. म्हणाली, "अहो, इकडे या. हे बघा." ओल्या मातीत माझ्या उजव्या पावलांचे अंगठे छान रुतले होते. डाव्याची नुसती टाच. पुढचा भाग उमटलाच नव्हता. "पाय रेटत नाहीये तुमचा. मुरगळल्यावर असं होतं?" ती पतपेढीत क्लार्क आहे, डॉक्टर नाही.

दुसऱ्या दिवशी फोंडा घाट चढून कोल्हापूर. आमच्याकडे काहीही मोठं झालं की घाट चढायचा नाहीतर गोव्यात बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठायचं, हा आणखी एक विषय आहे, तो परत कधीतरी. कोल्हापूरच्या डॉक्टरने मला टेबलावर पालथं झोपवलं. उजवी पोटरी दाबली, पाऊल मान हलवल्यासारखं झुकलं. डावी दाबली, पाऊल ढिम्म. अर्ध्या मिनिटात निकाल. मग माझंच बोट धरून टाचेच्या वर तीन बोटांवर नेऊन ठेवलं. तिथे खळगा होता. आपल्याच पायात आपलं बोट जिथे जायला नको तिथे जातंय, ही भावना मी विसरणार नाही. सोनोग्राफीत दोन टोकं बरीच लांब गेलेली दिसली.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगितल्या. ऑपरेशन, किंवा पंजा खाली झुकवून ठेवणारं प्लास्टर आणि बूट. योग्य व्यायाम झाला तर बिनऑपरेशनचेही पुष्कळ पाय उत्तम बरे होतात, पण माझं अंतर पाहता त्यांनी टाके घालायचं सुचवलं. आणि एक प्रश्न विचारला जो मला विचित्र वाटला. हल्ली कुठल्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या होत्या का? सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ह्या घराण्यातल्या गोळ्यांनी काही जणांच्या शिरा कमकुवत होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्या पाकिटावर ठळक इशारा छापायला लावलाय. मी घेतल्या नव्हत्या. पण आपल्याकडे पोट बिघडलं की मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या ह्याच, म्हणून लिहिलं.

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात खेळल्यामुळे लागलं. आई तर अजून म्हणते, "चाळीस वर्सां झाली आणि चेंडूफळी खेळता हा! तुका सांगी होतंय मी." माझं म्हणणं उलट आहे. मला खेळल्यामुळे लागलं नाही. वर्षातले ३६२ दिवस न खेळल्यामुळे लागलं.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आणि नंतर कणकवलीच्या फिजिओने मला जे समजावलं ते असं. ह्या शिरेला टाचेच्या थोडं वर, म्हणजे माझी तुटली तिथेच, रक्तपुरवठा कमी असतो. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, शिरेला महिने लागतात. म्हणजे स्पर्धेआधी पंधरा दिवस सड्यावर धावून येणारे आमच्यासारखे जे वीर असतात, त्यांची पोटरी तयार होते आणि शीर तशीच राहते. मग उभ्या जागेवरून एकदम सुटायचं, तेही जेवून, रात्री साडेअकराला, अंग गार असताना. तुटणाऱ्यांत तिशी ते पन्नाशीचे, अधूनमधून खेळणारे पुरुषच जास्त. रोज होडी ओढणारे किंवा कलमांवर चढणारे आमचे गडी कधी ह्या कारणाने पडलेले मी पाहिले नाहीत. पडतात ते आम्ही काउंटरवाले, आणि मुंबईहून रात्रभर गाडीत पाय दुमडून आलेले चाकरमानी.

रोज खेळणाऱ्यांच्या शिरा तुटत नाहीत असं नाही. फुटबॉलवाल्या बेकहॅमची २०१० मध्ये तुटली आणि त्याचा वर्ल्ड कप गेला. आपल्या शमीच्या टाचेचं ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, तो मैदानावर आला नोव्हेंबरमध्ये, रणजी खेळायला. पण त्यांच्या मागे फिजिओंची फौज असते.

माझ्या मागे कोण होतं? इथे मला माझ्याच विरुद्ध बोलायचंय.

डावा पाय गेला म्हणजे बाईकचा गिअर गेला. पोरीला सकाळी शाळेत सोडणं, पोराची शिकवणी, दुकानाचा माल, बाग. बायकोच्या पतपेढीत मार्च एंड. तुम्ही कुणी पतपेढीत असाल तर तुम्हाला सांगायला नको, त्या दिवसांत तिथे माणूस आजारीसुद्धा पडत नाही. ती सकाळी पाचला उठायची, डबे, पोरं, मग दुकान उघडून गड्याला बसवायचं, मग कामावर, संध्याकाळी परत दुकानाचा हिशोब. मधे कोल्हापूरच्या फेऱ्या. आणि मला रोज पोटात टोचायचं इंजेक्शनही तीच द्यायची. पाय बांधलेला असला की पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते, ते होऊ नये म्हणून.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. एप्रिलच्या शेवटी मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दुधाचा हिशोब बघायला. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात तारखा होत्या. नऊ तारखा, प्रत्येकीपुढे 'रजा'. खाली रेघ मारून एवढंच, 'शिल्लक २'. मे महिन्यात ती पोरांना घेऊन दहा दिवस माहेरी, आजऱ्याला जाणार होती. ते मला माहीत होतं. त्या रजा तिथून गेल्या हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्यापैकी जे बाप आहेत आणि खेळतात, त्यांना माझं हे सांगणं आहे. खेळण्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. तयारीशिवाय उतरण्याबद्दल जरूर घ्या. मी जी जोखीम घेतली ती माझ्या पायाची म्हणून घेतली. फेडली ती दुसऱ्याच्या रजेतून. आणि उलटं झालं असतं तर? तिचा पाय तुटला असता, तर सगळी वाडी विचारायला आली असती की ही रात्री साडेअकराला मैदानावर काय करत होती. मला कुणी हे विचारलं नाही. माझ्यासाठी लोक शहाळी घेऊन आले.

सीझनमध्ये मी एकच उपयोगाचं काम केलं. पडवीत खुर्ची टाकून, पाय उलट्या क्रेटवर उशी ठेवून, आंबे निवडले. गडी घळीने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवून आणायचे. देठ राहिला नाही तर चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागी होतं. मी एकेक हातात घेऊन वजन जोखायचो, डागी बाजूला, लहान बाजूला. एरवी आठ वर्षांचा माझा मुलगा माझ्या बाजूला दहा मिनिटं बसत नाही. त्या महिन्यात रोज बसला. खोक्यांवर डझनाचे आकडे लिहायचं काम त्याच्याकडे होतं आणि माझ्या प्लास्टरवर धावफलक लिहायचं. कुठल्या सामन्याचा ते विचारू नका, त्यात मी नेहमी शून्यावर बाद असायचो.

मग बूट. टाचेखाली पाचरी, दर थोड्या दिवसांनी एक काढायची. मग दोन्ही टाचा उचलणे, मग तुटलेली एकटी. हे शेवटचं ऐकायला हास्यास्पद आहे. भिंतीला हात टेकून एका पायावर टाच उचलायची, बस. सप्टेंबरमध्ये मला एकदाही येत नव्हतं. मेंदू सांगतोय, पोटरी थरथरतेय, टाच जमिनीला चिकटलेली. आपलाच पाय आपलं ऐकत नाही म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

अजून रोज सकाळी साडेसहाला मी मागच्या दाराच्या चिऱ्याच्या पायरीवर टाच उचलत असतो. त्यासाठी काही लागत नाही, पायरी प्रत्येक घराला असते. हे मी गेल्या वर्षी केलं असतं, आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं, तर खात्री कुणीच देणार नाही, पण मी स्वतःहून तरी शीर तोडायला निघालो नसतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी सहा ते सात दुकान आणि पोरं माझ्याकडे असतात, बायको तिच्या मैत्रिणींबरोबर किनाऱ्यावर चालायला जाते. शाळेत ती खो-खो खेळायची, जिल्ह्यापर्यंत गेली होती. लग्नाला चौदा वर्षं झाली, तरी हे मला ह्या जुलैत कळलं.

स्पर्धेच्या आयोजकांना: बॅनरवरचा एक पुढारी कमी करा आणि त्या पैशात बर्फाची अर्धी लादी, दोन क्रेप बँडेज आणि एक माणूस ठेवा, जो प्रत्येक टीमला सामन्याआधी दहा मिनिटं हलवून घेईल. ४० प्लसवाल्यांचे सामने रात्री शेवटी ठेवू नका. आमची अंगं गोठतात.

आणि यादी करणाऱ्यांना: 'समालोचन' खोडा. ह्या वर्षी 'राखीव' लिहा. फिजिओने सलग पंचवीस झाल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही असं बजावलंय. आज सकाळी सतरा झाले. मी अठरा म्हणत होतो, पण पायरीच्या बाजूला पोरगा उकिडवा बसून टाचेखालून उजेड दिसतो का ते बघत असतो, त्याने शेवटचा दिला नाही.