दाखला दाखवा, मग पाव

पेसाह हा ज्यूंचा सण, त्यात आंबवलेला पाव वर्ज्य. त्याचे सात दिवस आमचे तसे मजेत जातात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून इस्राएलला आलेले ज्यू, सणातही भात खातो. मात्सा, म्हणजे न आंबवलेली कडक रोटी, चावून जबडा दुखलेल्या शेजाऱ्यांसमोर आमटी-भात ओरपायला वेगळीच चव येते. वनवास सुरू होतो तो सण संपल्यावर, पाव आणायला निघालं की.

नियम असा: गहू, जव वगैरे पाच धान्यांचं आंबलेलं काहीही म्हणजे हामेत्स. सणात ते ज्यूच्या मालकीचं राहिलं, तर नंतरही खायचं नाही, विकायचं नाही, फुकट वाटायचंही नाही. धर्मपंडितांनी ठोठावलेला दंडच तो. बिगरज्यूचा माल मात्र चालतो. म्हणून दुकानदार सणाआधी रब्बींमार्फत (म्हणजे ज्यू धर्मगुरूंमार्फत) सगळा माल बिगरज्यूला विकतात आणि सण उलटला की परत घेतात. इस्राएल सरकारचं हामेत्ससुद्धा असंच विकलं जातं. अबू घोश गावच्या एका अरब गृहस्थांनी वर्षानुवर्षं २०,००० शेकेल विसार देऊन ते घेतलं. बाकीची रक्कम कुणी मागत नाही, ते भरत नाहीत, आठवड्यात सौदा मोडतो. कागदपत्रं मात्र चोख. अलिबागकडे जमिनीचे व्यवहार याहून कच्चे होतात.

माल असा विकल्याचा दाखला दुकानात लावतात. तर आमच्या दिमोना शहरातलं आमचं नेहमीचं दुकान. आईने बजावलं होतं, "पावाला हात नंतर लाव, आधी भिंतीवरचा दाखला बघ."

दाखला होता, पण लॅमिनेट केलेला. दरवर्षी नवा लागणारा कागद कोण लॅमिनेट करतं? हिब्रू वर्ष अक्षरांत लिहितात. शेवटी 'वाव' (म्हणजे सहा) हवं होतं, तिथे 'हे' (म्हणजे पाच) हे अक्षर होतं. गेल्या वर्षीचा.

"यंदाचा कुठाय?"

मालक गल्ल्याखाली शिरला. विजेचं बिल निघालं, नातवाचा फोटो निघाला, दाखला काही निघेना. मागे रांग दारापर्यंत गेली. सात दिवस पावाचं तोंड न पाहिलेली माणसं ती, त्यांच्या नजरा काय सांगू! शेवटी मालकाने मोबाईलवर फोटो दाखवला. शिक्का अर्धा कापलेला. मी बोटांनी मोठा करून पाहिला. वाव!

एवढ्यावर भागलं असतं, पण यादीत हिंग होता. डबीवर बारीक अक्षरांत 'गव्हाचं पीठ'. मी घरी फोन लावला.

"दाखल्यात हिंग लिहिलाय का?" आई.

"त्यात 'सर्व माल' लिहिलंय."

"सर्व म्हणजे हिंग कसा?"

ठाण्याच्या आत्याला हे व्याप नाहीत. तिकडे सण आठ दिवसांचा, म्हणून पाव एक दिवस उशिरा, एवढाच तोटा. कोपऱ्यावरची बेकरी मुसलमानाची, वाणी गुजराती. दाखला मागायचा कुणाकडे? ज्यूंच्या देशात येऊन आम्ही ही सोय गमावून बसलो.

मी पाव घेऊन घरी आलो. आईने तो उलटसुलट पाहिला, हुंगला आणि आत्याला फोन लावला, "जूनमध्ये येशील तेव्हा हिंग घेऊन ये गं. गुजरात्याकडचाच आण!"