बर्फ टाकायच्या आधी ‘काहून?’

‘आपल्या पोरांच्या रक्तातच जुगाड आहे, विचार करायला वेगळं शिकवायचं कशाला?’ नागपूरच्या ग्रुपवर हे वाक्य पुन्हा फिरतंय. त्याच ग्रुपवर कूलरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकल्याचे फोटो. जुगाड तो हाच!

एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो. एक लिटर पाणी कूलरच्या ताट्यांतून, म्हणजे बाजूच्या ओल्या गवती जाळ्यांतून, उडताना सुमारे २,४००. म्हणजे सात किलो बर्फाचं काम लिटरभर पाणी फुकटात करतं. खोली गार होत नाही कारण ताट्यांवर क्षार चढलेत, नाहीतर खिडकी बंद असल्यानं दमट हवा आतच कोंडलीय. पण ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारतो कोण?

वर्गात हे दोन सारख्या थर्मामीटरवर दाखवता येतं. एकाच्या फुग्याला सुती पट्टी गुंडाळा, तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. पाणी माठातलं नको, खोलीत तासभर ठेवलेलं हवं. पंख्यासमोर पाच मिनिटं, दर मिनिटाला नोंद. मेमध्ये हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला पारा २३ च्या आसपास थांबतो. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्क्यांना फरक जेमतेम दोन अंश. नुसत्या पाण्यावरचा कूलर त्या ओल्या आकड्याच्या खाली जात नाही. पावसाळ्यात तो का फसतो, हे पोरं स्वतःच सांगतात.

पट्टी सुकली किंवा वारा कमी पडला की आकडे बिघडतात. ते चालेल, बिघाडाचं कारण शोधायला मिळतं. खरा घोटाळा सर आधीच फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहितात तेव्हा होतो. मग पोरं उत्तराला जुळणारे आकडे टिपतात. इथं जर्मनीत, श्टुटगार्टला, झाखउंटररिष्टच्या (प्राथमिक शाळेतल्या परिसर अभ्यासाच्या) वहीत ‘फेरमूटुंग’, म्हणजे अंदाज, आधी लिहायचा, प्रयोग नंतर. चुकलेला अंदाज तसाच राहतो.

‘आमच्याकडे वर्गात पोरं किती!’ हे उत्तर ग्रुपवरून येणारच. साठ पोरांचे बारा गट, चोवीस थर्मामीटर, बस. केंद्र सरकारच्या योजनेत अटल टिंकरिंग लॅबसाठी (शाळेतल्या प्रयोगखोलीसाठी) शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, त्यापुढे हा खर्च म्हणजे चिल्लर.

अर्थात, चौथीनंतरच पोराला गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) की रेआलशूले (दहावीपर्यंतची शाळा) हे सांगून मोकळं होणाऱ्या गावातून फार शहाणपणा करू नये. शिवाय इथं कूलर कुणी पाहिलेलाही नाही, तरी उदाहरण त्याचंच सुचतं. आणि वहीत ‘वारुम’ (जर्मन ‘का’) वाचलं, तरी कानात ‘काहून बे’च वाजतं.