हरवला म्हणून थोर?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'चूजी ताबी निक्की' हा जपानी मूकपट मी माझ्या लेखात डोक्यावर घेतला तो केवळ हरवून सापडला म्हणून, आणि तीन भागांतला पहिला गायब, दुसरा अर्धामुर्धा असताना त्याला थोर म्हणणं ही निव्वळ संग्राहकांची हौस, असं तुम्ही म्हणता.

अर्धं मान्य. उलट तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा मीच देतो. १९२७चा हा चित्रपट १९५९ साली 'किनेमा जुम्पो' मासिकाच्या जपानी चित्रपटांच्या यादीत पहिला आला, तेव्हा त्याची प्रत कुठे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे बत्तीस वर्षांच्या आठवणीवर मतं पडली. आजोळचे आंबे गोडच असतात, हे मलाही कळतं.

पण १९९१मध्ये हिरोशिमात रिळं सापडली आणि आठवण पडताळता आली. (दिग्दर्शक इतो दाइसुके १९८१लाच गेले होते, त्यांच्या नशिबी ते नव्हतं.) चूजी या फरारी जुगाऱ्याच्या भूमिकेतल्या ओकोची देंजिरोची तलवार बघायला लोक तिकीट काढायचे. तोच शेवटी अंगावरून वारं जाऊन अंथरुणाला खिळलेला, पकडणारे दाराशी आणि हात उचलत नाही. पडद्यावर नुसती त्याची नजर फिरते. हे बघताना प्रत दुर्मीळ आहे की ढिगाने मिळते, याची आठवणही राहत नाही.

संग्राहकांना हसू नका, एवढंच. त्या काळी चित्रपट उतरला की रिळांचे तुकडे करून पोरांच्या हाताने फिरवायच्या प्रोजेक्टरसाठी विकत. खपायची ती बहुतेक तलवारबाजी. रडारड कोण विकत घेणार? त्या काळच्या जपानी मूकपटांतलं बाकीचं १९२३च्या तोक्योच्या भूकंपाने (त्याआधीचं), युद्धातल्या आगींनी आणि चटकन पेटणाऱ्या, सडणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या स्वभावाने नेलं. म्हणून कौटुंबिक, करुण प्रसंगाचं एक रीळ मिळालं तरी ही माणसं हरखतात. मात्सुदा शुन्सुई यांच्यासारख्या बेन्शीने, म्हणजे मूकपटाच्या निवेदकाने, जमवाजमव केली नसती तर बरंच काही बघायलाच मिळालं नसतं.

'आवाजच नाही, मग नाट्य कसलं?' हा तुमचा टोमणा मात्र चुकला. पडद्याशेजारी उभा राहून सगळ्या पात्रांचे आवाज काढणारा, मध्येच स्वतःची टिप्पणी करणारा तो बेन्शीच. प्रेक्षक त्याचं नाव बघूनही थिएटर निवडत. आपल्या कीर्तनकाराची आठवण येते.

आणि पहिल्या भागाबद्दल मी एक ओळही लिहिलेली नाही. लेख पुन्हा उघडून बघा.